एम.डी.नंतरची दोन वर्षे

तालुक्याच्या गावी एखाद्या घरातील मुलगी डॉक्टर झाली, की ती केवळ त्या घराची राहत नाही. पूर्णेच्या काठच्या आमच्या जाफराबादेत तरी असेच आहे. गल्लीतील वृद्ध मंडळी तिच्या परीक्षांचा हिशेब आईवडिलांपेक्षा काटेकोरपणे ठेवतात आणि ‘आता किती वर्षं राहिली?’ हे विचारताना स्वतःच्या आयुष्याची वर्षेही मनाशी मोजत असतात. ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. ऐंशीच्या घरातील माणसाला गाडीत बसवून जालन्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला न्यायचे, नंबर लावायचा, तपासण्या करायच्या आणि रात्री थकून परतायचे, हा ज्यांचा महिन्या-दोन महिन्यांचा नेम आहे, त्यांना गावातच एखादा एम.डी. फिजिशियन असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही.

माझी मुलगी जनरल मेडिसिनमध्ये एम.डी. झाली, तेव्हा बसस्थानकाजवळचा एक गाळा तिच्यासाठी जवळजवळ ठरला होता. तिने मात्र घरी वेगळेच सांगितले. तिला दुसऱ्या शहरातील एका वैद्यकीय महाविद्यालयात दोन वर्षांची संशोधन फेलोशिप मिळाली होती. रुग्ण तपासायचेच, पण त्याबरोबर संशोधन कसे करावे याचे रीतसर शिक्षण घ्यायचे, असे तिचे स्वरूप होते. मिळणारे विद्यावेतन दवाखान्यात होऊ शकणाऱ्या कमाईच्या मानाने थोडे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते अजून फिटायचे होते. त्या दिवशी पत्नी काही बोलली नाही. शेजारच्या काकांनी दुसऱ्या दिवशी विचारले, “म्हणजे आता हार्टचं शिकणार, की किडनीचं?” दोन्ही नाही म्हटल्यावर त्यांचा प्रश्न होता, “मग शिकणार तरी काय?”

तो प्रश्न माझाही होता. मी चौतीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. संशोधन म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, काचेच्या नळ्या आणि पिंजऱ्यातील उंदीर येत. माणसांचा डॉक्टर होऊन पुन्हा तिकडे कशाला जायचे, हे मला उमगत नव्हते. ते पुढच्या दीड वर्षात हळूहळू उमगत गेले आणि त्याला कारण ठरली माझी आई.

आईचे वय ८४. रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी आणि कमी झालेली झोप अशी चार दुखणी. प्रत्येक दुखण्याचा डॉक्टर वेगळा, प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी. एका पहाटे न्हाणीघराकडे जाताना ती उंबऱ्याशी कोसळली आणि मनगटाचे हाड मोडले. त्याआधी तिला अनेक ठिकाणी तपासले होते. दर वेळी रक्तदाब पाहिला गेला, तोही नीट, पट्टा बांधून. पण प्रत्येक वेळी बसवून. मुलगी सुट्टीत आली, तेव्हा तिने आजीला पाच मिनिटे आडवे झोपवले, रक्तदाब पाहिला. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा पाहिला. उभे राहिल्यावर वरचा आकडा पुष्कळ खाली आला होता. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा खालचा १० इतका उतरला, तर वैद्यकशास्त्रात त्याला दोष मानतात. उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते. तरुण शरीर रक्तवाहिन्या आकुंचित करून आणि नाडी वाढवून तोल सावरते. वयाने, मधुमेहाने आणि काही औषधांनी ही सावरण्याची शक्ती मंदावते. मेंदूला क्षणभर रक्त कमी पडते आणि माणूस कोसळतो.

आईच्या डॉक्टरांनी पुढे औषधांत योग्य तो बदल केला. माझ्या मुलीच्या मनात मात्र एक प्रश्न राहून गेला. आजीसारखी किती माणसे आपल्या खेड्यांत असतील? रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या वृद्धांपैकी किती जणांचा रक्तदाब उभे राहिल्यावर असा उतरतो, आणि त्यांतील किती जण पडतात? तिने पुस्तके पाहिली, शोधनिबंध पाहिले. मराठवाड्यातील आपल्या वृद्धांविषयी तिला हवे तसे उत्तर सापडेना.

तिने मला एका प्रसिद्ध अभ्यासाबद्दल सांगितले. ऐंशी वर्षे व त्यापुढील माणसांचा वाढलेला रक्तदाब औषधाने कमी करावा की नाही, याविषयी डॉक्टरांमध्येच मतभेद होते. तेव्हा ३,८४५ वृद्धांवर एक मोठी चाचणी झाली आणि २००८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय निकामी होण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी कमी आढळले. ऐंशीनंतरही रक्तदाबावर उपचार करणे हिताचे आहे, हे त्यामुळे ठामपणे सांगता येऊ लागले. वाचकांपैकी कोणी ‘आता या वयात कशाला गोळ्या?’ असे म्हणत असेल, तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

“पण अण्णा, त्या चाचणीत कोणाला घेतलं होतं ते पाहा,” मुलगी म्हणाली. सहभागी होण्याच्या अटींमध्ये एक अशी होती, की उभे असताना वरचा रक्तदाब १४० पेक्षा कमी असेल तर त्या व्यक्तीला घ्यायचे नाही. शिवाय ही चाचणी युरोप, चीन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ट्युनिशिया येथे झाली. भारत त्या देशांत नव्हता. म्हणजे उत्तर खरे होते, मोलाचेही होते; पण ज्यांचा रक्तदाब उभे राहताच कोसळतो अशा आजीसारख्या माणसांना तो प्रश्न विचारलेलाच नव्हता. उत्तर कोणाला लागू आहे हे ओळखणे, हा तिच्या फेलोशिपमधील पहिला धडा होता.

जनरल मेडिसिन ही शाखा अशा प्रश्नांची स्वाभाविक जागा आहे. हृदयाचा तज्ज्ञ हृदय पाहतो, मूत्रपिंडाचा तज्ज्ञ मूत्रपिंड. चार दुखणी एकाच शरीरात नांदत असलेला वृद्ध माणूस मात्र संपूर्णपणे पाहिला जातो तो फिजिशियनकडे. एका दुखण्याची गोळी दुसऱ्या दुखण्याला कशी बाधते, हे त्याच्याच समोर येते. अमेरिकेत १९७०च्या दशकापासून या शाखेतील डॉक्टरांसाठी दोन-तीन वर्षांच्या संशोधन फेलोशिप सुरू झाल्या. रोगशय्येपाशी सुचलेला प्रश्न शास्त्रीय कसोटीवर कसा घासावा, हे त्यांत शिकवले जाई. १९८०च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने विकसनशील देशांतील डॉक्टरांसाठीही तसे एक आंतरराष्ट्रीय जाळे उभे राहिले; आपल्या नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यात सहभागी झाले. आपल्याकडे एम.डी.च्या तीन वर्षांत प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो. पण रात्रपाळ्या आणि वॉर्डांच्या धबडग्यात तो अनेकदा उरकला जातो, हे डॉक्टर मंडळीच सांगतात.

गावातील लोकांना मी हे सारे समजावू लागलो, तेव्हा परदेशी उदाहरणांनी काम होईना. मग मी शेजारच्या भोकरदन तालुक्यातील देहेड गावाचे नाव घेऊ लागलो. डॉ. हिंमतराव बावस्कर तेथलेच. नागपुरात वैद्यकीय पदवी घेऊन १९७६ साली ते महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे, लहान मुले डोळ्यांदेखत दगावत. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्या नोंदींतून दिसले, की मृत्यू ओढवतो तो हृदयावर पडणाऱ्या ताणामुळे आणि फुप्फुसांत पाणी भरल्यामुळे. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. पुण्यात एम.डी. करून ते पुन्हा महाडच्याच परिसरात गेले आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने विंचूदंशाचा रुग्ण वाचवता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्वी गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांपैकी पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण पुढे एक-दोनवर आले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यास काय फरक पडतो, याची रीतसर तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध केली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

हे ऐकून शेजारचे काका म्हणाले, “पण त्यांनी कुठं फेलोशिप केली होती?” प्रश्न रास्त होता. तो मी मुलीला विचारला. ती म्हणाली, “बावस्कर सर हे आपलं आपण शिकले, त्यात त्यांची किती वर्षं गेली असतील. सगळ्यांनाच तेवढी जिद्द असते असं नाही. जे शिकवता येतं, ते शिकवावं.” मग तिने डॉ. अभय बंग यांचे उदाहरण दिले. नागपूरहून मेडिसिनमध्ये एम.डी. झालेले बंग आणि त्यांच्या पत्नी डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य आणि संशोधनाची पद्धत शिकून १९८४ साली पदवी घेतली आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम उभारले. ३९ खेड्यांत गावातील स्त्रियांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली आणि तसा उपक्रम नसलेल्या खेड्यांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी आढळले. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. ती तुलना शेजारी मांडलेली नसती, तर ‘पाऊसपाणी चांगले झाले म्हणून बाळे जगली’ असे कोणीही म्हणू शकले असते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण तर आपल्या सर्वांच्या घरचे आहे. २००४ साली त्यांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्यासह एक छोटासा लेख लिहिला. उंची-वजनाच्या गुणोत्तराने, म्हणजे बीएमआयने, दोघे अगदी सारखे: २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली. वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय माणसाला मधुमेह का होतो, याचे मर्म त्या दोन आकड्यांत आहे. ‘आमचे हे इतके बारीक, यांना कशी शुगर?’ असे विचारणाऱ्यांना आता उत्तर देता येते. कारण कोणी एका फिजिशियनने पाश्चात्त्यांचे मोजमाप आपल्या माणसांना लागू पडते का, हे तपासून पाहिले.

मुलीच्या प्रशिक्षणाचे पहिले सहा महिने, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘प्रश्न बारीक करण्यात’ गेले. ‘म्हातारी माणसे का पडतात?’ हा प्रश्न इतका मोठा, की त्याचे उत्तरच मिळू शकत नाही. वय कोणते, औषधे कोणती, पडणे कशाला म्हणायचे, किती दिवसांतले, हे सारे ठरवावे लागले. किती माणसे तपासली म्हणजे निष्कर्षावर विसंबता येईल, याचे गणित संख्याशास्त्रज्ञाकडून शिकावे लागले. दवाखान्यात येणाऱ्यांनाच तपासले, तर अंथरुणाला खिळलेले आणि आणायला कोणी नसलेले वृद्ध मोजणीतून सुटतात. म्हणून घरोघर जाण्याचे ठरले. नीतिमत्ता समितीने तिचा प्रस्ताव दोन वेळा परत पाठवला. वृद्ध माणसाला तपासणीसाठी उभे करताना तो पडला तर काय, हा समितीचा पहिला आक्षेप होता. प्रत्येक तपासणीच्या वेळी दोन माणसे आधाराला हवीत, असे त्यानंतर लिहून द्यावे लागले.

दुसऱ्या वेळी प्रस्ताव परत आला तो भाषेमुळे, आणि तेथे माझी गरज पडली. संमतिपत्र मराठीत हवे होते. तिने पाठवलेल्या भाषांतरात वाक्य होते, ‘स्थितिबदलानंतर रक्तदाबात होणाऱ्या ऱ्हासाचे मापन केले जाईल.’ मी त्याऐवजी लिहिले, ‘तुम्ही आधी झोपलेले असताना आणि मग उभे राहिल्यावर तुमचे बीपी मोजू.’ अशी बत्तीस वाक्ये आम्ही दोघांनी फोनवर सोपी केली. सेवानिवृत्तीनंतर माझ्या मराठीचा इतका उपयोग दुसऱ्या कशात झाला नाही.

प्रश्नावलीत आणखी एक गोष्ट निघाली. त्यात विचारले होते, ‘तुम्हाला चक्कर येते का?’ आईला विचारून पाहिले. तिने ठाम नकार दिला. मी म्हटले, “अगं, त्या दिवशी पडलीस ना?” ती म्हणाली, “ती चक्कर नव्हं. डोळ्यांपुढं अंधारी आली.” तिच्या लेखी चक्कर म्हणजे जग गरगर फिरणे. अंधारी वेगळी, घेरी वेगळी, भोवळ वेगळी. मी गल्लीतील पाच-सहा वृद्धांना विचारले, तर प्रत्येकाने हे शब्द आपापल्या परीने निराळे केले. मुलीला कळवले, तेव्हा ती क्षणभर गप्प राहिली. केवळ ‘चक्कर’ हा शब्द ठेवला असता, तर आजीसारखी कितीतरी माणसे ‘नाही’ म्हणाली असती आणि ‘आमच्या भागात हा त्रास फारसा नाही’ असा निष्कर्ष मोठ्या विश्वासाने निघाला असता. आता प्रश्नावलीत चारही शब्द आहेत.

तिचा अभ्यास अजून चालू आहे. आकडे हाती आल्याखेरीज त्याविषयी काही बोलायचे नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे. तेव्हा ते मी येथे लिहीत नाही. वाचकांच्या उपयोगाच्या काही गोष्टी मात्र लिहितो.

पहिली गोष्ट घरची. आपण वयस्कर असाल आणि रक्तदाबाची, मधुमेहाची, झोपेची किंवा लघवीच्या त्रासाची औषधे घेत असाल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना ‘माझं बीपी उभं करूनही पाहा’ असे नम्रपणे सांगावे. सर्व डॉक्टरांच्या सर्व चिठ्ठ्या आणि गोळ्या एकाच पिशवीत घालून एकाच फिजिशियनपुढे ठेवाव्यात. पहाटे उठताना आधी काठावर बसावे, पाय हलवावेत, दोन-तीन मिनिटांनी आधार धरून उभे राहावे. अंधारी आली म्हणून कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. रक्तदाब मोकाट सुटला तर पक्षाघाताचा धोका असतो.

दुसरी गोष्ट संशोधनात सहभागी होण्याविषयी. जालन्याला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. उद्या आपल्याही दारी कोणी तरुण डॉक्टर प्रश्नावली घेऊन येईल. घाबरून दार लावू नये आणि भिडेखातर सहीही करू नये. अभ्यास कशाचा आहे, मला काय करावे लागेल, धोका कोणता, काही इजा झाल्यास उपचार व भरपाईची सोय काय, नीतिमत्ता समितीची मान्यता आहे का आणि तिचा संपर्क कोणता, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. माहितीपत्रक आपल्याला समजेल अशा भाषेत मिळाले पाहिजे. वाचता येत नसेल, तर ते निःपक्षपाती साक्षीदारासमोर वाचून दाखवले गेले पाहिजे. मध्येच ‘नको’ म्हणता येते आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारांत काही उणे पडता कामा नये. औषधाची चाचणी असेल, तर ती भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे का, हेही विचारावे. २००९ पासून अशी नोंदणी सक्तीची आहे.

राहिला प्रश्न गाळ्याचा. तो आम्ही सोडून दिला. तेथे आता मोबाइलचे दुकान आहे. फेलोशिप संपल्यावर मुलगी जाफराबादला येईल की महाविद्यालयात शिकवील, हे तिने अजून सांगितलेले नाही आणि मीही विचारत नाही. गावाला डॉक्टर हवा, ही गरज खरी आहे. माझ्या आईचे वय पाहता माझीही ती गरज आहे, आणि दोन वर्षे हा तिच्यासाठी लहान काळ नाही. पण आईला जेथे जेथे नेले तेथे डॉक्टर होते, यंत्रेही होती. उणीव होती ती तिच्यासारख्या माणसांविषयीच्या एका साध्या माहितीची, आणि ती माहिती कोणीतरी दारोदार फिरून, मोजून, पडताळून गोळा केल्याशिवाय कोणत्याच डॉक्टरच्या हाती येणार नाही. ते काम कोणाच्या तरी लेकीने करायचे आहे. ती आमची असेल, तर गल्लीतील वडीलधाऱ्यांनी तिला अजून सहा महिने द्यावेत, एवढीच माझी विनंती आहे.